दुर्धर व्याधी आणि दूरचे सोबती
(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा लिखित आशय)



सुवर्ण महोत्सव हा आनंदाचा प्रसंग. अशा वेळी जिनमंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, विद्यार्थी वसतिगृह, पंचकल्याणक महोत्सव यांच्या आठवणी निघतात आणि त्या निघाव्यातही. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र मंगल प्रसंगी सहसा कोणी काढत नाही. कर्करोग शरीरात दूरवर पसरला आहे असे निदान ज्याच्या हाती पडते, तो माणूस पुढचे दिवस कोणाच्या आधाराने काढतो, हा तो विषय. आपल्या घरांतून या रोगाचे नावदेखील उच्चारले जात नाही. ‘मोठा आजार’, ‘तसलं दुखणं’, ‘गाठ’ असे शब्द योजले जातात, तेही आवाज खाली आणून. नाव घेतले तर रोग घरात शिरेल अशी काहीशी समजूत असावी. रोग नाव न घेताही शिरतो. नाव न घेतल्याने एवढेच घडते की ज्याला तो झाला तो भरल्या घरात एकटा पडतो.

या एकटेपणावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगात एक नवा आधार निर्माण झाला. आधी संगणकाच्या आणि पुढे भ्रमणध्वनीच्या साहाय्याने, एकाच आजाराने गाठलेली, परंतु एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे परस्परांना सोबत करू लागली. काहींना या मैत्रीचे हसू येते. पडद्यावरची ओळख ती काय, तिला मैत्री म्हणावे काय, असा प्रश्न ज्येष्ठ मंडळी करतात आणि तो अगदीच गैर नाही. म्हणून ही सोबत काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे एका प्रत्यक्ष घडलेल्या हकीकतीवरून पाहणे बरे. ही हकीकत गुप्त नाही. ज्यांची ती आहे त्यांनी स्वतःच ती पुस्तकातून आणि अनेक सभांतून सांगितली आहे.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात राहणारे डेव्ह डीब्राँकार्ट हे छप्पन्न वर्षांचे गृहस्थ. २००७ च्या जानेवारीच्या आरंभी त्यांनी आखडलेल्या खांद्याचे क्ष-किरण चित्र काढून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा दूरध्वनी आला. खांद्याचे दुखणे किरकोळ होते, परंतु त्याच चित्रात फुप्फुसाचा जो भाग आला होता त्यात एक डाग दिसत होता. पुढील तपासण्यांत उलगडा झाला. रोगाचे मूळ मूत्रपिंडात होते, आणि तेथून तो दोन्ही फुप्फुसांत, हाडांत, स्नायूंत पसरला होता. अशा अवस्थेतील रुग्णांचे मध्यम आयुर्मान त्या वेळी चोवीस आठवडे असल्याचे त्यांनी वाचले. चोवीस आठवडे म्हणजे साडेपाच महिने. जानेवारीत निदान, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी सारे संपायचे.

त्यांचे नेहमीचे डॉक्टर डॅनी सँड्स यांनी या वेळी एक गोष्ट केली. ती लहान दिसते, परंतु आपल्याकडच्या किती वैद्यांना ती सुचेल हा प्रश्नच आहे. आपल्या उपचारांबरोबरच त्यांनी या रुग्णाला त्याच रोगाच्या इतर रुग्णांची गाठ घेण्यास सांगितले. ही मंडळी देशभर विखुरलेली होती आणि संगणकावरून एकमेकांशी पत्रव्यवहार करीत होती. डीब्राँकार्ट यांनी आपली अवस्था त्यांना कळवली. थोड्याच वेळात उत्तर आले. त्यात सहानुभूती होती, पण केवळ सहानुभूती नव्हती. या रोगावर हमखास उपाय नाही, हे त्यात प्रथम स्पष्ट लिहिले होते. इंटरल्यूकिन-२ नावाचे औषध मोठ्या मात्रेत दिल्यास थोड्या रुग्णांना गुण येतो. ज्यांना पूर्ण गुण येतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत तो टिकतो. पुष्कळ रुग्णालये हे औषध देत नाहीत, म्हणून त्याचे नावही काढीत नाहीत. आणि शेवटी, तुमच्या परिसरात ते देणारे हे चार डॉक्टर व हे त्यांचे दूरध्वनी क्रमांक.

खचलेल्या माणसाला ‘धीर धरा, सारे ठीक होईल’ असे सांगणारे शंभर जण भेटतात. चार दूरध्वनी क्रमांक देणारा क्वचितच भेटतो.

पुढचा भाग याहून महत्त्वाचा. हे औषध सोसण्यास अत्यंत कठीण असते. ते देताना रक्तदाब कोसळतो, हुडहुडी भरून ताप येतो, अंगात पाणी साचून सूज येते, काहींना भ्रम होतो. रुग्णाला सतत देखरेखीखाली ठेवावे लागते. डीब्राँकार्ट यांनी सोबत्यांना विचारले की तुमचे प्रत्यक्ष काय झाले. तेव्हा ज्यांनी हे औषध स्वतः घेतले होते त्यांपैकी डझनाहून अधिक जणांनी आपापला अनुभव बारीकसारीक तपशिलांसह लिहून पाठवला. कोणत्या दिवशी काय होते, कशाने थोडा आराम पडतो, कोणत्या गोष्टीला घाबरायचे नाही. मूत्रपिंड शस्त्रक्रियेने काढले गेले. मधल्या काळात रोगाने पोखरलेले मांडीचे हाड मोडले व त्यात सळई घालावी लागली. औषधाचा अखेरचा हप्ता जुलै २००७ मध्ये झाला आणि रोग मागे हटला. त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी पुढे असे मत दिले की एवढी मनाची तयारी नसती तर औषधाची इतकी मात्रा त्यांना सोसवली असती की नाही, याची शंका वाटते. २०१० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि पुढची अनेक वर्षे ते रुग्ण व डॉक्टर यांच्या सहकार्यावर देशोदेशी भाषणे देत राहिले.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण अशी हकीकत ऐकून मनात चुकीची आशा रुजण्याचा संभव असतो. त्या औषधाचा उपयोग शंभरांतील पंधरा-वीस जणांनाच होत असे, आणि रोग पूर्ण नाहीसा होणारे त्यांहूनही कितीतरी थोडे. ज्यांना उपयोग झाला नाही ते सभेत उभे राहून बोलू शकत नाहीत. त्यांची भाषणे आपल्या कानी कधी पडतच नाहीत. शिवाय २०१५ नंतर मूत्रपिंडाच्या कर्करोगावर शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी नवी, अधिक सुसह्य औषधे आली आणि जुने औषध मागे पडले. तेव्हा हे उदाहरण औषधाचे नव्हे, सोबतीचे समजावे.

आणि त्या चोवीस आठवड्यांविषयी. ‘डॉक्टरांनी सहा महिने दिले’ असे आपण सर्रास म्हणतो. कोणताही डॉक्टर महिने देत नसतो. मध्यम आयुर्मान याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याआधी जातात व निम्मे त्यानंतरही असतात. ते नंतर किती काळ असतील हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. प्रसिद्ध अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये उदराच्या आवरणाचा दुर्मिळ कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले की मध्यम आयुर्मान आठ महिने. संख्याशास्त्र जाणणारा तो माणूस. त्याने आकड्याचा खरा अर्थ लावला, त्यावर १९८५ मध्ये एक निबंध लिहिला, आणि तो आणखी वीस वर्षे जगला. २००२ मध्ये त्याला मृत्यू आला तो दुसऱ्याच एका कर्करोगाने. सर्वांच्याच वाट्याला अशी वीस वर्षे येत नाहीत. परंतु आकड्याचा अर्थ समजावून देणारा कोणी जवळ असणे, हेही औषधच.

आता एक सरळ प्रश्न. अशा सोबतीने आयुष्य वाढते काय?

एके काळी तसे वाटले होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी शरीरभर पसरलेला स्तनांचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया दर आठवड्याला एकत्र बसून आपले भय, दुःख, मृत्यूचा विचार मोकळेपणी बोलत, त्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या असे त्यात दिसले. सारे जग हरखले. परंतु कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. पुढे २००७ मध्ये खुद्द स्पीगेल यांच्या दुसऱ्या अभ्यासातही एकंदरीत तसा लाभ दिसून आला नाही, आणि त्यांनी तो निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला. कॅनडातील अभ्यासात मात्र एक गोष्ट टिकून राहिली. सोबत लाभलेल्या स्त्रियांना मनाचा त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या त्यांना. दिवस तेवढेच, पण ते कमी जाळणारे.

काही सोबत आयुष्यही थोडे वाढवते, परंतु ती वेगळ्या वळणाने. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी काहींना निदानापासूनच वेदनाशामक व आधार देणाऱ्या उपचारांची जोड दिली गेली. २०१० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने भरले, इतरांचे ८.९ महिने. न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांवर झालेल्या आणखी एका प्रयोगात रुग्ण घरबसल्या संगणकावरून आपला त्रास कळवीत. तो वाढला की परिचारिकेला लगेच सूचना जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे ३१.२ आणि २६ महिने असे आहेत. यात चमत्कार नाही. रुग्ण ‘उगाच कशाला त्रास द्या’ म्हणून जे गिळून टाकतो, ते वेळेवर कोणाच्या तरी कानी गेले, इतकेच.

वस्तुतः समदुःखी माणसांनी एकमेकांना वाट दाखवणे आपल्याकडे नवे नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या बाजूचे कितीतरी रुग्ण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. १९४१ पासून ते रुग्णालय उभे आहे. गावाकडून आलेल्या गोरगरीब रुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मिळतो. अशा धर्मशाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी जे बोलणे चालते ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. कोणत्या खिडकीपाशी कागद द्यायचे, केमोनंतर तोंड आले की मऊ भात कसा कालवायचा, केस गळू लागले की आरशाचे काय करायचे, आणि घरी लहान मुलांना काय सांगायचे. जात, गाव, पंथ कोणी विचारीत नाही. स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये मुंबईत ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली. तीमधून याच बोलण्याला शिस्त आली. रोग भोगून बाहेर पडलेले स्वयंसेवक नव्या रुग्णांपाशी जाऊन बसू लागले. संगणकाने या व्हरांड्याचा विस्तार केला, एवढेच म्हणता येईल. रात्री अडीच वाजता झोप उडालेल्या माणसाला धर्मशाळेचा व्हरांडा जवळ नसतो. पडद्यापलीकडे दुसऱ्या खंडात कोणीतरी जागे असते.

परंतु मग घरची माणसे कोठे असतात, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ती असतात, आणि आटोकाट सेवाही करतात. तरीही रुग्ण परक्याशी बोलतो ते आपल्यांशी बोलत नाही. त्याचे कारण प्रेमाचा अभाव नव्हे. कित्येकदा प्रेमच आड येते. तो म्हणतो, मला भीती वाटते हे सांगितले तर ही रडेल. ती म्हणते, रोगाचे खरे नाव सांगितले तर हे हाय खातील. मग दोघेही परस्परांसमोर नाटक करतात आणि एकमेकांपासून दूर होतात. त्यात समाजाची भीती. घरात लग्नाची मुलगी आहे, सोयरिकीत अडथळा येईल, म्हणून दुखणे झाकायचे. रुग्णालयात न्यायचे तेही ‘पाहुण्यांकडे गेलो होतो’ असे सांगून. या झाकण्याला कोणी उपगूहन समजत असेल तर ती मोठी गल्लत होईल. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील उपगूहन धर्मबांधवाचा दोष चव्हाट्यावर न आणण्यास सांगते. व्याधी हा दोष नव्हे.

याच आठ अंगांत रुग्णासाठी उपयोगी अशी दोन अंगे आहेत आणि आपण त्यांच्या कथा मुलांना पाठशाळेत शिकवतो. निर्विचिकित्सेची कथा उद्दायन राजाची. व्याधीने किळसवाणे शरीर झालेल्या मुनींनी आहारानंतर वांती केली, तेव्हा राजाने स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग स्वच्छ केले आणि आपल्या आहारदानातच काही चुकले असेल असे मानले. स्थितिकरणाची कथा वारिषेण मुनींची. दीक्षा घेऊनही पुष्पडालाचे मन घराकडे ओढ घेत होते. वारिषेणांनी त्याला उपदेशाने स्थिर केले नाही. ते त्याला घेऊन आपल्या राजवाड्यात गेले, आणि आपण स्वतः कोणते वैभव व कोणत्या राण्या सोडून आलो ते त्याच्या डोळ्यांसमोर उभे केले. ज्याने ती वाट स्वतः तुडवली आहे त्याचाच हात ढळणाऱ्याला धरता येतो. सहरुग्णाच्या एका वाक्याला घरच्यांच्या शंभर वाक्यांहून अधिक वजन येते ते याच कारणाने. तो नुसते ‘घाबरू नकोस’ असे म्हणत नाही. ‘मीही घाबरलो होतो, चौथ्या दिवशी उतार पडतो’ असे तो म्हणतो.

उलट, भेटीला येणाऱ्या मंडळींचे एक वाक्य रुग्णाच्या जिव्हारी लागते. ‘पूर्वकर्म, दुसरे काय!’ असातावेदनीय कर्माचा उदय हा सिद्धांत खराच. परंतु तो ज्याने त्याने स्वतःच्या चिंतनात आणावयाचा आहे. दुसऱ्याच्या उशाशी बसून तो ऐकवणे म्हणजे शास्त्राचा आधार घेऊन केलेला आघात होय.

वेदनेविषयीही असेच काही सांगावे लागेल. वेदना निमूट सोसणे म्हणजे तप, असे समजून काही श्रावक-श्राविका वेदनाशामक गोळी नाकारतात. आपल्या आचार्यांनी आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितले त्यांत वेदनेचे अखंड चिंतन, म्हणजे पीडाचिंतन, हा एक आहे. अंगात कळा येत असताना ज्याचे सारे चित्त कळेवरच खिळले आहे, त्याच्याकडून णमोकार मंत्रसुद्धा नीट होत नाही. तेथे धर्मध्यानाचा प्रवेश कोठून व्हावा? जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची चढती पायरी घालून दिली. तिच्या वरच्या पायरीवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे फार अवघड होऊन बसले. २०१४ च्या दुरुस्तीने अडथळे काहीसे दूर झाले. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फीन म्हणजे व्यसन नव्हे. हे घरच्यांना पटवून देण्याचे काम अनेकदा डॉक्टरांहून, ते स्वतः घेऊन शांत झोपलेल्या एखाद्या सहरुग्णानेच अधिक चांगले केले आहे.

उपवासाचेही तसेच. दशलक्षण पर्वात केमो चालू असताना उपवास धरायचा आणि डॉक्टरांना सांगायचे नाही, असे घडते. रात्रीभोजनाचा त्याग असेल तर रात्रीच्या गोळीचे काय, कंदमुळे वर्ज्य असताना शक्ती टिकवण्यास काय घ्यावे, हे प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा संकोच वाटतो. विचारले तर बहुतेकदा वाट निघते. वेळा बदलता येतात, आहार सुचवता येतो. समंतभद्राचार्यांनी सल्लेखनेचे प्रयोजन सांगताना ज्या व्याधीवर उपाय उरलेला नाही तिचाच उल्लेख केला आहे. ‘प्रगत अवस्था’ आणि ‘निरुपाय अवस्था’ हे दोन शब्द आज एकाच अर्थाचे राहिलेले नाहीत. पसरलेल्या कर्करोगासह औषधांच्या आधाराने काही वर्षे काम-धंदा व सामायिक-स्वाध्याय करणारी माणसे आज आहेत. त्यांना उपाय असताना विरक्तीची घाई करावयास लावणे योग्य नव्हे.

दूरच्या सोबत्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. ज्या मार्गाने चार डॉक्टरांचे क्रमांक येतात त्याच मार्गाने अमुक फळाच्या रसाने गाठ विरघळते, तमुक काढ्याने पंधरा दिवसांत गुण येतो, असे संदेशही येतात, आणि ते पाठवणारे बहुधा आपलेच सज्जन नातेवाईक असतात. पैशाला टपलेले भोंदूही असतात. खरा सोबती ओळखण्याची एक खूण अनुभवी रुग्ण सांगतात. तो आपल्याला काय झाले ते सांगतो आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा म्हणतो. खोटा सोबती तुम्हांला काय होईल ते सांगतो आणि डॉक्टरांना विचारू नका म्हणतो.

दुसरा त्रास दोष नव्हे, या मैत्रीची ती किंमत आहे. प्रगत आजाराच्या माणसांनी परस्परांशी मैत्री करायची म्हणजे मित्र गमवायचे. रोज रात्री ‘आज कसे आहे’ असे विचारणारा एके दिवशी उत्तर देत नाही. दोन दिवसांनी त्याच्या मुलीच्या नावाने चार ओळी येतात. ज्यांनी कधी हात हातात घेतला नव्हता ती माणसे वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या घरांत त्या ओळी वाचतात. अंत्ययात्रेला जाता येत नाही, सांत्वनाला घर माहीत नसते. आणि त्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक असते की अशाच चार ओळी एक दिवस आपल्या घरूनही लिहिल्या जातील. तरीही बहुतेक जण तेथून निघून जात नाहीत. नवा रुग्ण दारात आलेला असतो, गोंधळलेला, हातात अहवाल घेतलेला. त्याला कोणीतरी उत्तर द्यायचे असते.

यावर एखादा स्वाध्यायी श्रावक म्हणेल की बारा भावनांत एकत्व भावना आहे. जीव एकटाच जन्मतो, एकटाच जातो, कर्मफळही एकटाच भोगतो. मग या सोबतीचे एवढे माहात्म्य कशासाठी? आक्षेप वजनदार आहे. परंतु ज्या परंपरेने एकत्व भावना शिकवली तिनेच समाधिमरणाच्या वेळी काय व्यवस्था लावली तेही पाहावे. शिवार्यांच्या ‘भगवती आराधने’त सल्लेखना घेतलेल्या क्षपकासाठी निर्यापक मुनींची योजना सांगितली आहे. क्षपक आणि रुग्णालयातला रुग्ण हे एक नव्हेत. एकाने व्रत स्वेच्छेने घेतलेले असते, दुसऱ्याला बरे व्हावयाचे असते. पण सोबतीची कल्पना काय होती ते त्यातून कळते. अनुकूल काळी निर्यापकांची संख्या अठ्ठेचाळीस, आणि त्यांची कामे चौघाचौघांत वाटून दिलेली. चौघांनी क्षपकाला उठवणे, बसवणे, कूस बदलून देणे. चौघांनी त्याला धर्मकथा ऐकवणे. चौघांनी आहाराची, चौघांनी पेयाची व्यवस्था पाहणे, आणि त्या आणलेल्या वस्तूंची राखण चौघांनी करणे. चौघांनी मलमूत्र दूर करून जागा शुद्ध ठेवणे. चौघांनी दाराशी थांबून नको ती गर्दी आवरणे. चौघांनी रात्री जागणे. चौघांनी आसपासच्या प्रदेशात काय घडते आहे त्याची वार्ता ठेवणे. इतके बारीक.

या यादीत रात्री जागणारे आहेत, दाराशी गर्दी आवरणारे आहेत आणि बातमी काढून आणणारेही आहेत. आजच्या रुग्णाचा दूरचा मित्र यांपैकी रात्री जागू शकतो, कथा सांगू शकतो, वार्ता आणू शकतो. कूस त्याला बदलून देता येत नाही, अंथरूण धुता येत नाही, रुग्णालयाच्या रांगेत उभे राहता येत नाही. ती कामे हाकेच्या अंतरावरच्या माणसांची. संस्थेच्या सभासद यादीत अशी माणसे थोडी नाहीत. कोणापाशी वाहन आहे, कोणी निवृत्त परिचारिका आहे, कोणाला मुंबईच्या रुग्णालयाचे कागद कसे करावयाचे ते ठाऊक आहे, आणि कोणी स्वतः त्या व्याधीतून उठून आज या सभामंडपात बसलेले आहे, कोणाला न सांगता.

काळ प्रतिकूल असेल तर निर्यापकांची संख्या चार-चाराने कमी करीत आणावी, असेही तो ग्रंथ सांगतो. चव्वेचाळीस, चाळीस, अशी ती उतरत जाते. मात्र ती दोनाच्या खाली जाऊ द्यायची नाही. एकच निर्यापक असला तर तो आहारासाठी बाहेर पडेल तेवढा वेळ क्षपकाजवळ कोणी नसेल. आणि बाहेर पडला नाही, तर तो स्वतःच गळून जाईल.